जुन्या लेखांचा मोठा संग्रह विषयवार लावायचा आहे? टॉपिक मॅपने सुरुवात अशी करा

वर्षानुवर्षं साठत गेलेलं लिखाण बहुतेक वेळा तारखेप्रमाणे लावलेलं असतं. मासिकाचे अंक, सदरं, मुलाखती, टिपणं, सगळं. पण विचारायला येणारा माणूस तारीख घेऊन येत नाही, विषय घेऊन येतो. 'गिरणी संपावर तुमच्याकडे काय काय आहे?' असं त्याने विचारलं आणि तुम्ही शोधाच्या चौकटीत 'गिरणी संप' टाकलं, तर ज्या लेखांत हे दोन शब्द शेजारी-शेजारी आहेत तेवढेच समोर येतात. 'गिरण्यांना टाळं लागलं', 'सामंतांनी पुकारलेला संप', 'ब्याऐंशी साली घरी बसलो' असं लिहिणारे लेख तसेच दडून राहतात, आणि पुष्कळदा तेच जास्त मोलाचे असतात.

टॅग लावून हा प्रश्न थोडा सुटतो, मग नव्याने उभा राहतो. कुणी 'गिरणी' लिहितं, कुणी 'गिरण्या', कुणी 'मिल', कुणी 'गिरणी कामगार'. पाच-सात वर्षांत टॅगांचाच एक वेगळा पसारा होतो. मुंबईवरच्या मराठी लेखांचा मोठा संग्रह मी टॉपिक मॅपच्या पद्धतीने लावला आहे. या कामाला नव्याने हात घालणाऱ्याला काय करावं लागतं आणि कुठे अडायला होतं, ते इथे क्रमाने लिहितो. उदाहरणं मुंबईची आहेत, पद्धत कुठल्याही संग्रहाला चालेल.

## टॉपिक मॅप म्हणजे काय, थोडक्यात

पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, तिथून ही कल्पना आली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकाच्या माहितीपुस्तिका तयार करणाऱ्या मंडळींना वेगवेगळ्या पुस्तिकांच्या सूच्या एकत्र करायच्या होत्या. त्या खटपटीतून पुढे २०००च्या सुमारास आयएसओ/आयईसी १३२५० हे आंतरराष्ट्रीय मानक आलं आणि २००१ मध्ये ते फाइलमध्ये लिहिण्याची एक्सटीएम ही पद्धत आली.

चांगल्या सूचीत तीन गोष्टी असतात: विषयाचं नाव, 'हेही पाहा' अशी दुसऱ्या विषयाकडे बोट दाखवणारी खूण, आणि पानांचे आकडे. टॉपिक मॅपमध्येही तीनच खांब आहेत. पहिला विषय. दुसरं नातं, म्हणजे दोन किंवा अधिक विषयांमधला संबंध. तिसरा आढळ, म्हणजे तो विषय तुमच्या संग्रहात कुठे सापडतो ती जागा. इंग्रजीत यांना टॉपिक, असोसिएशन, ऑकरन्स म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये हेच शब्द दिसतील.

फोल्डरमध्ये लेख एकाच जागी ठेवता येतो. इथे लेख जिथे आहेत तिथेच राहतात, त्यांना हातही लावायचा नाही. नकाशा वेगळा तयार होतो आणि लेखांकडे बोट दाखवतो. म्हणून चूक दुरुस्त करणं सोपं जातं आणि मूळ संग्रहाला धोका नसतो.

## हाताशी काय काय हवं

- सगळ्या लेखांची एकच यादी, निदान शीर्षक, लेखक आणि तारखेसह
- गूगल शीट, एक्सेल किंवा लिबरऑफिस कॅल्क. सुरुवातीला याहून मोठं साधन नको
- लेखांचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर देवनागरी सारखीच दिसेल अशा रूपात
- एक निर्णयवही, म्हणजे काय ठरवलं आणि का ते लिहायची जागा: कागदाची किंवा साधी टेक्स्ट फाइल
- नावं आणि सनावळ्या तपासायला मराठी विश्वकोश, विकिडेटा (प्रत्येक गोष्टीला क्रमांक देणारा विकिपीडियाचा भावंड-प्रकल्प). जुन्या मुंबईच्या बाबतीत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारखं १८९८ पासूनचं ग्रंथालय
- शहर जुनं माहीत असलेला एक माणूस, ज्याला फोन करून 'हे दोन्ही एकच का हो?' असं विचारता येईल

शेवटची गोष्ट ऐच्छिक समजू नका. गल्ल्या, चाळी, नाके यांच्याबाबतीत पुस्तकं अनेकदा गप्प असतात.

## १. आधी यादी, आणि प्रत्येक लेखाला कायमचा क्रमांक

प्रत्येक लेखाला एक क्रमांक द्या आणि तो पुन्हा कधीही बदलू नका. शीर्षक बदलेल, फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये जाईल, लिंक तुटेल. क्रमांक तोच राहिला पाहिजे. क्रमांकात वर्ष किंवा विषय गुंफू नका. पुढे तारीख चुकीची निघाली तर क्रमांकही चुकीचा ठरतो.

याच टप्प्यावर मजकूर स्वच्छ करून घ्या. मराठीत हे काम इंग्रजीपेक्षा जास्त असतं, आणि ते टाळलं तर पुढे सगळीकडे आडवं येतं.

जुन्या डीटीपीच्या फाइल्स श्रीलिपीसारख्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये असतात. फॉन्ट काढला की तो मजकूर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. कन्व्हर्टरने तो युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

युनिकोडमध्येही एकच अक्षर दोन प्रकारे साठवलेलं असू शकतं. 'किनाऱ्यावर' मधला ऱ्या आणि 'ॲ' ही नेहमीची उदाहरणं. वेगवेगळ्या कीबोर्डवर टाइप केलेला हाच शब्द पडद्यावर सारखा दिसतो, पण शोधात दुसरा सापडत नाही. सगळीकडे एकच रूप ठेवा, 'शोधा आणि बदला' वापरून.

तिसरी गोष्ट जुन्या शुद्धलेखनाची. १९६२चे नियम येण्याआधीच्या लेखांत 'गांव', 'नांव', 'मुंबईंत' असे अनुस्वार भरपूर दिसतील. मूळ मजकूर बदलू नका, तो दस्तऐवज आहे. विषयाच्या नावात मात्र आजचं रूप मुख्य धरा आणि जुनं रूप पर्यायी नाव म्हणून नोंदवा.

## २. शंभरेक लेख वाचा, मगच विषयांना हात घाला

सगळा संग्रह वाचून काढेपर्यंत थांबलात तर काम सुरूच होणार नाही. वेगवेगळ्या वर्षांतले, वेगवेगळ्या लेखकांचे शंभरेक लेख निवडा. प्रत्येक वाचून झाला की स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा लेख कशाबद्दल आहे? उत्तर कागदावर लिहा, तुमच्या शब्दांत.

या वेळी एखादी तयार वर्गीकरण पद्धत समोर ठेवायचा मोह होतो. ग्रंथालयातली दशांश पद्धत जगभरच्या पुस्तकांसाठी केलेली आहे. चाळीतल्या गणेशोत्सवाला तिच्यात जागा शोधत बसाल. पण ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या द्विबिंदू वर्गीकरणातली एक गोष्ट जरूर घ्या. त्यांनी कुठल्याही विषयाचे पाच पैलू सांगितले. आपल्या भाषेत ते प्रश्न असे होतात: मुख्य गोष्ट कोणती? ती कशाची बनलेली? काय घडतंय? कुठे? केव्हा? लेख हातात घेऊन हे प्रश्न विचारले की सुटलेला विषय सापडतो. बहुतेक वेळा सुटलेलं असतं ते स्थळ, कारण लिहिणाऱ्याला ते इतकं ओळखीचं असतं की तो नाव घेतच नाही. 'नाक्यावर' एवढंच लिहिलेलं असतं. कोणता नाका, ते तुम्हाला शोधावं लागतं.

## ३. विषयांचे प्रकार ठरवा, पण मोजकेच

व्यक्ती, स्थळ, वास्तू, संस्था, घटना, व्यवसाय, सण-उत्सव, वाहतूक, कल्पना. मुंबईच्या संग्रहाला एवढे प्रकार पुरतात. दहा-बाराच्या पुढे जाऊ नका. 'पूल' हा वेगळा प्रकार करावा का, असा वाद दोघांमध्ये सुरू झाला तर समजा की तो 'वास्तू'मध्ये बसतो आणि पुढे चला.

## ४. एक विषय, एक नोंद

सगळ्या कामाचा जीव इथे आहे. घाई करायची असेल तर दुसऱ्या कुठल्याही टप्प्यावर करा, इथे नको.

नियम एका ओळीचा आहे: जगातल्या एका गोष्टीला नकाशात एकच नोंद, तिची नावं कितीही असोत. नावं नोंदीला चिकटतात, नोंद नावावर उभी राहत नाही.

बोरीबंदरचं उदाहरण जवळून पाहू. संग्रहात 'व्ही. टी.', 'व्हिक्टोरिया टर्मिनस', 'सीएसटी', 'सीएसएमटी' आणि 'बोरीबंदर' असे पाच उल्लेख सापडतात. पहिले चार निःसंशय एकाच वास्तूचे आहेत. स्थानकाचं नाव १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं आणि २०१७ मध्ये त्यात 'महाराज' आलं. प्रश्न 'बोरीबंदर'चा आहे. १६ एप्रिल १८५३ला ठाण्याला पहिली गाडी सुटली ती बोरीबंदरच्या जुन्या स्थानकावरून. आजची भव्य इमारत त्यानंतर तीनेक दशकांनी उभी राहिली. पण जुनी माणसं आजच्या स्थानकालाही बोरीबंदरच म्हणतात. म्हणजे नाव एक, गोष्टी दोन. नावांचा तक्ता मग असा होतो:

- विषय ११२ | व्हिक्टोरिया टर्मिनस | १९९६ पर्यंत
- विषय ११२ | व्ही. टी. | बोलण्यातलं
- विषय ११२ | छत्रपती शिवाजी टर्मिनस | १९९६ ते २०१७
- विषय ११२ | सीएसटी | संक्षेप
- विषय ११२ | छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस | २०१७ पासून, मुख्य नाव
- विषय ११२ | सीएसएमटी | संक्षेप
- विषय ११२ | बोरीबंदर | बोलण्यातलं
- विषय ११३ | बोरीबंदर स्थानक | १८५३चं जुनं स्थानक
- विषय ११३ | बोरीबंदर | बोलण्यातलं

तिसऱ्या रकान्यातली माहिती म्हणजे टॉपिक मॅपमधला 'स्कोप': हे नाव कोणत्या काळात, कोणाच्या तोंडी, कोणत्या भाषेत लागू आहे. प्रभादेवी स्थानकाला हेच लावून पाहा. २०१८ मध्ये नाव बदलेपर्यंत ते एल्फिन्स्टन रोड होतं. सप्टेंबर २०१७ मधल्या पादचारी पुलावरच्या चेंगराचेंगरीवरचे लेख 'एल्फिन्स्टन' म्हणतात, नंतर त्या घटनेची आठवण काढणारे काही लेख 'प्रभादेवी' म्हणतात. नोंद एकच असली की दोन्ही एकत्र सापडतात.

उलटा सापळाही आहे. 'टिळक' असा एक टॅग असेल तर त्याखाली लोकमान्य टिळक, दादरचा टिळक पूल आणि कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस असे तिन्ही येऊन बसतात. तिथे तीन नोंदी हव्यात. शिवाजी पार्कही तसंच: मैदान एक, त्याभोवतीची वस्ती दुसरी.

प्रत्येक नोंदीला म्हणून दोन गोष्टी जोडा. एक ओळखवाक्य: ही नोंद नेमकी कशाची, ते सांगणारी एक ओळ. दुसरा बाहेरचा ओळखक्रमांक, शक्य असेल तिथे. विकिडेटावर मुंबई शहराचा क्रमांक क्यू११५६ आहे. तो तुमच्या नोंदीत असला की ती नोंद शहराची आहे याबद्दल कुणालाच शंका राहत नाही. एखाद्या चाळीला असा क्रमांक मिळणार नाही. तिथे तुमचं ओळखवाक्यच प्रमाण, म्हणून ते नीट लिहा.

मानकाच्या सुरुवातीच्या रूपात एकाच संदर्भातलं एकच नाव असलेल्या दोन नोंदी आपोआप एक होत असत. २००६च्या आवृत्तीत हा नियम काढून टाकला. कारण उघड आहे: एका नावाची दोन माणसं असतातच. आता जुळणी होते ती ओळखक्रमांकावर. तुमच्या तक्त्यातही हेच पाळा.

## ५. नाती जोडा, आणि 'संबंधित' या शब्दावर बंदी घाला

नातं जोडताना ते कोणतं हे सांगता आलंच पाहिजे. 'गिरणी संप – संबंधित – परळ' या ओळीतून काहीच कळत नाही. 'संबंधित' असा प्रकार एकदा तक्त्यात शिरला की सगळे कंटाळून तोच वापरतात आणि महिन्याभरात सगळं सगळ्याशी संबंधित होतं. नात्यांचे प्रकार सुरुवातीला सहा-सात ठेवा: घडलं ठिकाण, नेतृत्व केलं, भाग आहे, जागा घेतली (एकाच्या जागी दुसरं आलं), स्थापन केलं, भाग घेतला.

नात्यात प्रत्येकाची भूमिका असते. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरणी संप घ्या:

- नेतृत्व केलं | नेता: दत्ता सामंत | आंदोलन: १९८२चा गिरणी संप
- भाग घेतला | सहभागी: गिरणी कामगार | आंदोलन: १९८२चा गिरणी संप
- घडलं ठिकाण | घटना: १९८२चा गिरणी संप | स्थळ: गिरणगाव
- भाग आहे | अंश: लालबाग | पूर्ण: गिरणगाव
- भाग आहे | अंश: परळ | पूर्ण: गिरणगाव

भूमिका लिहिल्यामुळे नातं दोन्हीकडून वाचता येतं. सामंतांच्या नोंदीवरून संपाकडे जाता येतं, संपावरून सामंतांकडे. 'भाग आहे' या नात्याची तर साखळीच लागते: गिरणगाव विचारलं की लालबाग आणि परळचे लेखही हाती येतात, मग त्यांत 'गिरणगाव' हा शब्द असो वा नसो. सुरुवातीचा 'गिरणी संपावर काय काय आहे' हा प्रश्न सुटतो तो या ओळींमुळे. 'सामंतांनी पुकारलेला संप' म्हणणारा लेख सामंतांच्या नोंदीला जोडलेला असतो आणि ती नोंद संपाला.

## ६. लेख विषयांना जोडा

आता आढळ. एका ओळीत लेखाचा क्रमांक, विषयाचा क्रमांक आणि आढळाचा प्रकार. मी चार प्रकार वापरतो: मुख्य विषय, उल्लेख, मुलाखत, छायाचित्र.

एका लेखाला 'मुख्य विषय' तीनच, फार तर चार. 'उल्लेख' तेव्हाच नोंदवा जेव्हा त्या उल्लेखात दुसरीकडे न मिळणारी माहिती असेल. ट्रामवरच्या आठवणींत लेखक सहज दादरला उतरतो. एवढ्यावरून तो लेख दादरला जोडायचा नाही. तोच लेखक ३१ मार्च १९६४ला, मुंबईतली ट्राम बंद झाली त्या दिवशी, दादरला काय वातावरण होतं ते परिच्छेदभर सांगत असेल, तर जोडायचा.

आढळ म्हणजे दरवेळी लेखच असला पाहिजे असं नाही. एखादी छोटी माहिती थेट नोंदीतच ठेवता येते. २६ जुलै २००५च्या पुराच्या नोंदीत 'सांताक्रूझ, २४ तासांत ९४४ मिमी पाऊस' एवढं लिहून ठेवा. त्यासाठी दरवेळी लेख उघडावा लागत नाही, आणि लेखांत वेगळा आकडा दिसला तर तो लगेच डोळ्यात भरतो.

कामाची गती राखायला एक सवय लावा: एका बैठकीत एकाच विषयाचे लेख घ्या, एकाच वर्षाचे नको. पुरावरचे लेख सलग वाचले की मिठी नदी, पंपिंग स्टेशनं, बंद पडलेल्या लोकल ही नाती एकदम दिसतात. वर्षवार गेलात तर दर लेखाला डोकं नव्या विषयात घालावं लागतं.

## ७. प्रश्न विचारून तपासा

निम्मं काम झालं की तपासणी करा, शेवटाची वाट पाहू नका. संग्रह वापरणाऱ्या लोकांकडून खरे प्रश्न मागून घ्या. 'माझे आजोबा ज्या गिरणीत होते तिच्याबद्दल काही आहे का?', 'इराणी हॉटेलांवर १९७०च्या आधीचं काय आहे?', 'संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आमच्या भागात काय झालं?' नुसत्या तक्त्यावरून उत्तर देऊन पाहा.

उत्तर अपुरं आलं तर कारण तीनपैकी एक असतं: नोंद दुभंगली आहे, नातं राहिलं आहे, किंवा आढळ जोडलेला नाही. दुभंगलेली नोंद जोडताना दोन्हींची नावं एकत्र करा, एक क्रमांक निवृत्त करा आणि तो दुसऱ्या कशालाही देऊ नका. कोणत्या तारखेला, का जोडली, ते निर्णयवहीत लिहा. सहा महिन्यांनी दुसरा कुणीतरी तोच प्रश्न पुन्हा काढतोच, आणि तेव्हा वही नसेल तर सगळी चर्चा पहिल्यापासून होते.

## ८. सॉफ्टवेअर आत्ता, आधी नाही

विषय, नावं, नाती, आढळ हे चार तक्ते हातात असले की नकाशा तयार आहे. तो चित्ररूपात पाहायचा असेल, नात्यांवरून पुढे-पुढे जायचं असेल तर वांडोरा हे जावावर चालणारं मोफत सॉफ्टवेअर आहे. २००९ पासून मुक्त स्रोत असलेलं ऑन्टोपिया हे दुसरं. त्याला संगणकाची बरी ओळख असलेला माणूस लागतो. दोन्ही एक्सटीएम वाचतात. दोन्ही जुनी झाली आहेत, म्हणून मूळ प्रत नेहमी तक्त्यांतच ठेवा. सॉफ्टवेअर बदललं तरी तक्ते कुठेही नेता येतात.

तक्ते सीएसव्ही (कुठल्याही सॉफ्टवेअरला वाचता येणारी साधी फाइल) करून साठवताना 'यूटीएफ-८' हा युनिकोडचा पर्याय निवडलेला आहे ना, ते पाहा. नाहीतर पुढच्या वेळी फाइल उघडल्यावर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील. साठवल्यावर फाइल एकदा बंद करून पुन्हा उघडा आणि 'ऱ्या', 'ॲ', 'श्र' ही तीन अक्षरं शोधून बघा. ती शाबूत असली की बहुधा सगळं शाबूत असतं.

ओळखक्रमांक नीट दिले असतील तर आणखी एक काम होतं. ठाण्याच्या किंवा पुण्याच्या एखाद्या वाचनालयाने स्वतःचा असाच नकाशा केला असेल, तर दोन्ही एकत्र करता येतात. ज्या नोंदींचे ओळखक्रमांक एक, त्या एक होतात; त्यांच्याकडचे लेख तुमच्या विषयाखाली दिसतात, तुमचे त्यांच्या. मात्र एकत्र करण्याआधी दोघांनी बसून नात्यांच्या प्रकारांची यादी जुळवा. तुमचं 'घडलं ठिकाण' आणि त्यांचं 'स्थळ' एकच आहे, हे संगणकाला तुम्हीच सांगावं लागतं.